‘झेपणार नाही’ हे कोणी ठरवायचे?

विशेष प्रतिनिधी

‘‘पेशंटची प्रतिकारशक्ती कमी आहे, पूर्ण ट्रीटमेंट झेपणार नाही.’’ कर्करोगाच्या रुग्णासोबत रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या नातेवाइकांना हे वाक्य अपरिचित नसते. त्यात सहानुभूती असते आणि पुष्कळदा ते खरेही असते. मात्र हेच वाक्य एचआयव्हीबाधित रुग्णाबाबत उच्चारले जाते, तेव्हा त्यामागे तपासणीचे आकडे आहेत की जुनी समजूत, हे विचारणारा सहसा कोणी नसतो. मग औषधाची मात्रा निम्म्यावर येते, किरणोपचार वेदना कमी करण्यापुरते दिले जातात, शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते. बरा होण्याची शक्यता असलेला रुग्ण अशा रीतीने, कोणी तसे ठरवलेले नसतानाही, बऱ्या न होणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. गेल्या पंचवीस वर्षांत जमा झालेला वैद्यकीय पुरावा या समजुतीच्या विरोधात जाणारा आहे. तो पुरावा काय सांगतो आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात तो रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला अडचण कोठे येते, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रतिकारशक्ती दुबळी होण्याची कारणे अनेक आहेत. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेला रुग्ण ती मुद्दाम दाबून ठेवणारी औषधे आयुष्यभर घेत असतो. वार्धक्य, अनियंत्रित मधुमेह, कुपोषण यांचाही त्यात वाटा असतो. तथापि एचआयव्हीचे उदाहरण या सर्वांत बोलके आहे. एक तर या रुग्णांत प्रतिकारशक्तीची मोजदाद नियमित होते, आणि दुसरे म्हणजे त्यांच्यातील कर्करोगाचा अभ्यास चार दशकांहून अधिक काळ चालू आहे.

किंबहुना एड्सच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी एक कर्करोगाच्याच रूपाने दिसली होती. ३ जुलै १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील २६ समलैंगिक पुरुषांची नोंद प्रसिद्ध झाली. एरवी वृद्धांत क्वचित आढळणारा कापोसी सार्कोमा हा कर्करोग या तरुणांना झाला होता. त्या वेळी रोगाला नाव नव्हते आणि विषाणूचा शोधही लागला नव्हता. पुढे लिम्फोमाचे काही प्रकार, तसेच १९९३ पासून गर्भाशयमुखाचा कर्करोग, यांचा समावेश एड्सची निश्चिती करणाऱ्या रोगांत झाला. या तिन्ही कर्करोगांमागे बहुधा दुसरा एखादा विषाणू असतो. निरोगी शरीर त्याला दाबून ठेवते, पहारा ढिला पडला की तो डोके वर काढतो. भारतात कापोसी सार्कोमा दुर्मीळ आहे, कारण त्याला कारणीभूत असणारा विषाणूच आपल्याकडे फारसा पसरलेला नाही. आपल्याकडचा प्रश्न मुख्यतः लिम्फोमाचा आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आहे. जागतिक आकडेवारीनुसार एचआयव्हीबाधित स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सुमारे सहापट असतो.

आता ‘झेपणे’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जाही त्यात भाजून निघते. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या तळ गाठते. हे दिवस धोक्याचे असतात. या काळात आलेला साधा ताप रुग्णाला अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. एचआयव्हीचा मारा मात्र प्रामुख्याने सीडी-४ या वेगळ्या पेशींवर असतो. न्यूट्रोफिल हे वेशीवरचे शिपाई म्हटले, तर सीडी-४ पेशी त्यांना व इतरांना हुकूम देणारे जमादार होत. शिपाई कमी पडले की जिवाणूंचा तातडीचा संसर्ग होतो. जमादार नसले की क्षय, बुरशीजन्य न्यूमोनिया असे दबा धरून बसलेले रोग उसळतात. दोन्ही गोष्टींना आपण सरसकट ‘प्रतिकारशक्ती कमी होणे’ म्हणतो आणि गोंधळाला तेथूनच सुरुवात होते. सीडी-४ कमी असलेल्या रुग्णाची अस्थिमज्जा धडधाकट असू शकते, आणि सीडी-४ उत्तम असलेल्याची ती औषधांनी पार कोलमडलेली असू शकते. दोन्हींसाठी खबरदारीचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्याला कोट्रायमोक्साझोलसारख्या गोळीचे संरक्षण पुरते, दुसऱ्याला पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने द्यावी लागतात. ही इंजेक्शने आज भारतीय कंपन्या बनवतात.

मात्रा कमी करण्याच्या प्रथेला मुळात शास्त्राचाच आधार होता, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९७ साली एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एड्स व लिम्फोमा दोन्ही असलेल्या या रुग्णांपैकी काहींना केमोथेरपीची प्रचलित मात्रा, तर काहींना कमी मात्रा देण्यात आली होती. परिणाम दोन्ही गटांत सारखाच होता आणि कमी मात्रेच्या गटात दुष्परिणाम कमी होते. निष्कर्ष उघड होता : या रुग्णांना पूर्ण मात्रा देऊन त्यांचे हाल करण्यात अर्थ नाही. परंतु हे रुग्ण तीन औषधांच्या एकत्रित एआरटी उपचारापूर्वीच्या काळातले होते. हा उपचार १९९६ साली आला आणि निष्कर्षाची पायाभूमीच सरकली. विषाणू काबूत राहू लागला, सीडी-४ पेशी परत वाढू लागल्या, रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. निष्कर्ष छापला गेला, तेव्हा ज्या रुग्णांना तो लागू होता त्यांचे जगच बदलू लागले होते. वैद्यकातील सवयी मात्र नियतकालिकांच्या वेगाने बदलत नाहीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी २००३ साली एक वेगळी पद्धत मांडली. ईपॉक या नावाने ओळखला जाणारा औषधांचा संच एकदम न देता चार दिवस संथपणे शिरेतून सोडायचा. सीडी-४ संख्या १०० पेक्षा कमी असल्यास सायक्लोफॉस्फामाइड या एका औषधाची पहिली मात्रा निम्मी ठेवायची. मग त्या फेरीत पांढऱ्या पेशी कितपत खाली जातात ते पाहून पुढच्या फेरीची मात्रा वाढवायची अथवा घटवायची. दिसायला ही बाब तांत्रिक आहे, पण तिच्यातील दृष्टिकोन महत्त्वाचा. रुग्णाला किती झेपते, याचे उत्तर फाइलवरील एचआयव्हीच्या शिक्क्याकडून न घेता रुग्णाच्या अस्थिमज्जेकडूनच घ्यायचे, असा तो दृष्टिकोन होता. त्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा लिम्फोमा पूर्णपणे विरघळला.

याच्या उलट धडाही मिळाला. रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरील प्रभावी औषध एचआयव्हीबाधितांना सरसकट देऊन पाहणारा दीडशे रुग्णांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. रिटुक्सिमॅब मिळालेल्यांत संसर्गाने मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण १४ टक्के, तर ते न मिळालेल्यांत २ टक्के होते. ‘आम्ही सांगत नव्हतो का’ म्हणणाऱ्यांना यामुळे बळ मिळाले. पण आकडे बारकाईने पाहिल्यावर ध्यानात आले की हे मृत्यू मुख्यत्वे सीडी-४ संख्या ५० च्या खाली असलेल्या रुग्णांत एकवटले होते. २०१० साली हेच रिटुक्सिमॅब ईपॉकसोबत, पुरेशी काळजी घेऊन देण्यात आले, तेव्हा ते उपयुक्त ठरले. म्हणजे मर्यादा आहे, ती खरी आहे, आणि ती मोजता येते. ती न मोजता सर्वांना एकाच रांगेत उभे करणे हा वेगळा प्रकार झाला.

अमेरिकेतील कर्करोग नोंदणीच्या आधारे पुढील दशकात झालेल्या अभ्यासांनी अधिक अस्वस्थ करणारे चित्र समोर आणले. अनेक प्रकारच्या कर्करोगांत एचआयव्हीबाधित रुग्णांना कोणताच उपचार न मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती. विमा आहे की नाही, इतर आजार आहेत की नाहीत, हे जमेस धरूनही फरक उरतच होता. कमी मात्रा ही निदान मात्रा तरी असते. येथे औषधच दिले गेले नव्हते. एवढी साधने असलेल्या देशात ही स्थिती असेल, तर आपल्याकडे अशी नोंद बारकाईने ठेवली गेल्यास काय दिसेल, याची कल्पनाच केलेली बरी.

अर्थात पूर्ण उपचार दिले की सगळे आलबेल होते, असेही नाही. आफ्रिकेतील बोट्सवाना या देशात गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या सुमारे साडेतीनशे स्त्रियांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील दोन तृतीयांश स्त्रिया एचआयव्हीबाधित होत्या व बहुतेकींना एआरटी चालू होती. तरीही त्यांच्यात मृत्यूचा धोका इतर स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. त्याच देशातून दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, किरणोपचार व केमोथेरपी एकत्र मिळालेल्या स्त्रियांच्या दोन वर्षांच्या जगण्यात एचआयव्हीमुळे फरक पडलेला दिसला नाही. दोन निष्कर्षांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ साली अशाच स्त्रियांच्या किरणोपचाराचा अनुभव प्रसिद्ध केला होता. प्रकृती बरी असलेल्यांना बरे करण्याच्या हेतूनेच उपचार द्यावेत, मात्र होणारा त्रास व उपचार अर्धवट सुटण्याचे प्रमाण पाहता देखरेख काटेकोर हवी, असा त्याचा रोख होता. उपचार अर्धवट सुटणे ही या प्रश्नातील कळीची बाब आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

भारतात १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. दुसऱ्या फळीची औषधे २००८ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, तीही जे. जे. आणि चेन्नईजवळच्या तांबरम येथे. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान होताच उपचार हे धोरण आले. २०१८ पासून रक्तातील विषाणूंची संख्या मोजणारी व्हायरल लोड तपासणी मोफत झाली आणि २०२० पासून डोल्युटेग्राव्हिर हे अधिक सुटसुटीत औषध मुख्य उपचारात दाखल झाले. देशात आज सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित आहेत आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, चार लाखांच्या आसपास आहे. २००४ साली तिशीत असलेला रुग्ण आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. एड्सने मरण येण्याची भीती सरली आणि त्याची गाठ आता मुख, फुप्फुस, स्तन, यकृत अशा वयाबरोबर येणाऱ्या कर्करोगांशी पडते आहे. कार्यक्रमाचे हे यशच आहे. पण यशातून निर्माण झालेल्या या नव्या रुग्णाला घ्यायला कर्करोग विभाग तयार आहेत का?

अडचण सुरू होते ती औषधांच्या भांडणापासून. विषाणूविरोधी औषधे व कर्करोगाची औषधे एकाच यकृतातून, एकाच मूत्रपिंडातून जातात. दुसऱ्या फळीच्या उपचारातील रिटोनाव्हिर हे औषध यकृतातील एका विकराला जखडून ठेवते. लोपिनाव्हिर किंवा अटाझानाव्हिर रक्तात टिकून राहावे म्हणून ते मुद्दाम दिलेले असते. पण त्याच विकराने विन्क्रिस्टिन व विनब्लास्टिन ही लिम्फोमावरील औषधेही शरीराबाहेर काढायची असतात. रिटोनाव्हिर घेणाऱ्या रुग्णाला विन्क्रिस्टिनची नेहमीची मात्रा दिली, तर ती प्रत्यक्षात कितीतरी मोठी होऊन बसते. हातपाय बधिर होतात, आतड्याची हालचाल मंदावते, कधी थांबतेही. डोसेटॅक्सेलचेही तसेच. अशा वेळी रुग्णाच्या कागदावर काय लिहिले जाते? ‘एचआयव्हीमुळे केमो सहन झाली नाही.’ वास्तविक सहन झाले नाही ते दोन औषधांचे एकत्र येणे. कर्करोग विभागाने एआरटी केंद्राला एक दूरध्वनी केला असता, तर रिटोनाव्हिरऐवजी दुसरे औषध सुरू करता आले असते.

झिडोव्हुडिनची गोष्टही याच जातीची. अस्थिमज्जेला दुबळे करणारे हे जुने औषध केमोथेरपीबरोबर चालू राहिले, तर रक्तक्षय व पांढऱ्या पेशींची घट दुप्पट वेगाने होते. पहिल्या फळीतून ते आता बरेचसे मागे पडले असले, तरी काही रुग्णांच्या गोळ्यांत ते अजून असू शकते. टेनोफोव्हिर आणि सिस्प्लॅटिन यांची एकत्रित झळ मूत्रपिंडाला बसू शकते. डोल्युटेग्राव्हिरचा प्रकार तर गमतीदार आहे. ते मूत्रपिंडाला इजा न करताच रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा किंचित वाढवते. हे ठाऊक नसलेला डॉक्टर मूत्रपिंड बिघडले असे समजून सिस्प्लॅटिन रद्द करतो किंवा कार्बोप्लॅटिनची मात्रा घटवतो. पुन्हा एकदा रुग्णाला कमी औषध मिळते, आणि पुन्हा एकदा त्याचे खापर प्रतिकारशक्तीवर फुटते.

यावर काही ठिकाणी सोपा मार्ग काढला जातो : केमोथेरपी होईपर्यंत विषाणूची औषधेच थांबवायची. ईपॉकच्या सुरुवातीच्या अभ्यासात तसे केलेही होते. परंतु आज उपलब्ध औषधे सुटसुटीत असताना हा मार्ग सहसा योग्य मानला जात नाही. औषध बंद होताच विषाणू उसळतो. शिवाय टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडिन ही दोन औषधे हिपॅटायटिस-बीलाही दाबून ठेवत असतात. ती अचानक बंद केली आणि त्यात रिटुक्सिमॅबची भर पडली, तर झोपलेली कावीळ जागी होऊन यकृतच निकामी होण्याचा धोका संभवतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनाही चकवते. केमोथेरपी व किरणोपचार यांमुळे विषाणू पूर्ण काबूत असतानाही सीडी-४ ची संख्या घसरते, काही रुग्णांत निम्म्यावर येते. ही घसरण एचआयव्ही बळावल्याची नसून उपचाराची असते. म्हणून या काळात केवळ सीडी-४ पाहून उपचार थांबवणे चूक ठरते. व्हायरल लोडही पाहावा लागतो.

आता उपचार सुरू होण्याआधीच्या काळाकडे वळू. लिम्फोमाचा रुग्ण येतो तो मानेतील गाठ, संध्याकाळचा ताप, घटलेले वजन आणि रात्रीचा घाम घेऊन. नेमकी हीच लक्षणे क्षयाची. एचआयव्हीबाधितांत क्षय इतका सर्रास आढळतो की थुंकीत जंतू सापडला नाही, तरी क्षयावरचा उपचार सुरू होतो, आणि एका अर्थी तो तर्कही बरोबरच असतो. गाठीत सुई घालून घेतलेला नमुना बहुतेक वेळा निर्णायक ठरत नाही. गाठ काढून बायोप्सी करायची तर शस्त्रक्रिया विभागाची तारीख मिळायला हवी. असे दोन-तीन महिने निघून जातात. गाठ कमी होत नाही, तेव्हा कोणाला तरी लिम्फोमाची शंका येते. तोवर रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो, आणि मग त्याच्याकडे पाहून कर्करोग विभाग म्हणतो, याला केमोथेरपी झेपणार नाही. या वेळी ते म्हणणे खरे असते. पण तो अशक्त एचआयव्हीने झाला की हुकलेल्या निदानाने, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्यांना क्षय व कर्करोग दोन्ही असतात, त्यांची गुंतागुंत आणखी वाढते. क्षयावरील रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिरची पातळी खाली आणते, त्यामुळे त्याची मात्रा दिवसातून दोनदा द्यावी लागते.

परळला टाटा मेमोरियलच्या आसपासच्या पदपथांवर पथारी टाकून राहणारी कुटुंबे मुंबईकरांच्या ओळखीची आहेत. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पाच आठवडे बाहेरून किरणोपचार, आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन, त्यानंतर आतून दिले जाणारे किरणोपचार असा क्रम असतो, आणि तो साधारण आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. त्यात पडलेला प्रत्येक दिवसाचा खंड रोग आटोक्यात येण्याची शक्यता थोडीथोडी कमी करतो. एचआयव्हीबाधित स्त्रीला या आठ आठवड्यांत जुलाब होतात, तोंड येते, रक्त कमी होते. तसे ते इतर स्त्रियांनाही होते. पण या स्त्रियांत विधवा पुष्कळ असतात, सोबत यायला माणूस नसते, आणि गावाकडच्या एआरटी केंद्रातील गोळ्यांची तारीख मधेच येऊन पडते. एखादा आठवडा चुकतो, मग दुसरा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागतो, पण मुंबईत दोन महिने राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च त्यात मोजला जात नाही. उपचार अर्धवट सुटण्याचे एक मोठे कारण रक्ताच्या अहवालात सापडणार नाही, ते हे.

या स्त्रियांच्या बाबतीत तर रोग वेळेआधी पकडण्याची सोय हाताशी आहे. एचआयव्हीबाधित स्त्रीची तपासणी पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणीने करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवले. या चाचणीची ताकद जगाला दाखवली ती महाराष्ट्रातील खेड्यांनीच. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने प्रगत अवस्थेतील गर्भाशयमुखाचे कर्करोग व त्याने होणारे मृत्यू निम्म्यावर आल्याचे त्यात दिसले. ज्या स्त्रीला धोका सहापट आहे, ती वर्षातून अनेकदा एआरटी केंद्राच्या दारात येते. गोळ्या घेते आणि परत जाते. त्याच खेपेत तिची ही चाचणी होणे कितपत अवघड आहे?

नव्या उपचारांच्या बाबतीत वगळण्याची जुनी रीत हळूहळू सैल होत आहे. प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारी इम्युनोथेरपी आली, तेव्हा मुळात दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णात ती काय करणार, असे गृहीत धरून एचआयव्हीबाधितांना चाचण्यांतून वगळले गेले. २०१७ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने हे सरसकट वगळणे थांबवावे, असे सुचवले. २०१९ साली तीस रुग्णांवरचा पेम्ब्रोलिझुमॅबचा अभ्यास आला. विषाणू काबूत असलेल्या व सीडी-४ किमान १०० असलेल्या रुग्णांत दुष्परिणाम बहुतांशी इतर रुग्णांसारखेच होते. एका रुग्णाचा मृत्यू मात्र कापोसी सार्कोमाच्या विषाणूने उचल खाल्ल्यामुळे झाला, त्यामुळे सावधगिरीची गरज संपली असे नव्हे. मुंबईत आयआयटी व टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच पेशींमध्ये नवे जनुक पोहोचवायला जे वाहन वापरतात, ते निःशस्त्र केलेला लेंटिव्हायरस म्हणजे एचआयव्हीच्याच कुळातला विषाणू असतो. हा योगायोग ज्याला जसा हवा तसा घ्यावा.

राहता राहिला कायदा. २०१७ साली संसदेने संमत केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आरोग्यसेवा नाकारणे, मधेच थांबवणे किंवा त्यात दुजाभाव करणे यांस मनाई करतो. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमावा, अशीही त्यात तरतूद आहे. परंतु ‘तुम्हाला एचआयव्ही आहे म्हणून उपचार देत नाही’ असे आज सहसा कोणी तोंडावर म्हणत नाही. ‘तुम्हाला झेपणार नाही’ असे म्हटले की तो वैद्यकीय निर्णय होतो, आणि वैद्यकीय निर्णयाला कायद्याने हात लावणे कठीण. हा निर्णय कोणत्या आकड्यांवर घेतला, एवढे जरी केस पेपरवर लिहिण्याचे बंधन असले – सीडी-४ किती, व्हायरल लोड किती, न्यूट्रोफिल किती, चालू औषधे कोणती – तरी पुष्कळ गोष्टी उघड्यावर येतील. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत विविध शाखांच्या डॉक्टरांची एकत्रित बैठक होते. एआरटी केंद्राचा डॉक्टर तिला बसतो का, हे त्या त्या रुग्णालयाने स्वतःला विचारायचे आहे.

एआरटी केंद्रातील प्रत्येक रुग्णाजवळ एक पुस्तिका असते. चालू औषधे आणि तपासण्यांचे आकडे तिच्यात लिहिलेले असतात. कर्करोग विभागाला जे हवे, ते बहुतेक सगळे तिच्यात आहे. पण कर्करोगाच्या रुग्णालयात जाताना अनेक रुग्ण ती पुस्तिका घरीच, कपड्यांच्या खाली ठेवून येतात. तेथे रांगेत भाऊ असतो, शेजारीण असते, गावचा कोणी असतो. डॉक्टर ‘इतर काही गोळ्या चालू आहेत का’ असे विचारतात, आणि उत्तर येते, नाही.